मित्राला दवाखान्यात आणणाऱ्या पोरावर केस करू नका

मा. गृहमंत्री साहेब, मा. पोलीस आयुक्त साहेब आणि मुंबईनं निवडून दिल्लीला पाठवलेल्या सगळ्या खासदारांना,

सप्रेम नमस्कार.

मी पूर्व उपनगरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात सिस्टर आहे. नोकरीला २४ वर्षं झाली, त्यातली १५ कॅज्युअल्टीतच गेली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही आणि माझंही लिहीत नाही, एक तर नोकरीचे नियम आहेत आणि दुसरं म्हणजे नशेत बेशुद्ध पडलेल्या मित्राला आणणाऱ्या ज्या पोरांबद्दल लिहितेय त्यांना ह्या पत्रामुळे त्रास व्हायला नको. बरेच दिवस लिहायचं म्हणत होते, नाईट करून घरी आलं की डोळे मिटायला लागायचे आणि राहून जायचं. आज सुट्टी आहे, लिहूनच उठणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या पुढं एक रिक्षा गेटला येऊन थांबली आणि रिक्षावाला ओरडतच आत आला, सिस्टर लवकर या, मागं पोरगा पडलाय. वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन धावले. एकोणीस-वीसचं पोरगं असेल. ओठ निळे, नखं जांभळी, श्वास मिनिटाला चार-पाच आणि तोही घशातून घरघर करत, ऐकणाऱ्याला वाटावं गाढ झोपेत घोरतोय. (घरचे लोक ह्याच आवाजाला फसतात, म्हणतात झोपलाय, झोपू दे. ते घोरणं नसतं हो, श्वास अडकत असतो.) त्या रात्री उघडीप होती, पावसाचा थेंब नव्हता, पण ह्याचे केस आणि टीशर्ट ओलेचिंब. टीशर्ट कापताना बघितलं तर गळ्यापाशी लिंबाची एक बी चिकटलेली. तेव्हाच कळलं की ह्याला थेट इथं आणलेलं नाही, आधी घरीच उपाय करून झालेत.

रिक्षावाला म्हणाला दोन पोरं होती सोबत. एक सिग्नललाच उतरला, दुसऱ्यानं गेटपाशी दोनशेची नोट त्याच्या हातात कोंबली आणि पळाला. बिचारा रिक्षावाला स्वतः थरथरत होता, मला कशात अडकवणार नाहीत ना सिस्टर, असं तीनदा विचारलं त्यानं. मी त्याला पाणी दिलं आणि बसवलं.

डॉक्टरांनी डोळे बघितले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, म्हणजे गर्द (हेरॉइन) नाहीतर त्याच जातीचं काहीतरी. नॅलॉक्सोन दिलं. नॅलॉक्सोन हा गर्दावरचा उतारा, शिरेतून दिलं की दोन-तीन मिनिटांत माणूस श्वास घ्यायला लागतो, मी स्वतः कितीतरी वेळा बघितलंय. ह्याचा श्वास सुधारला पण शुद्ध काही येईना. मग सगळे प्रश्न सुरू झाले, डोक्याला मार लागलाय का, पोटात अजून काही गेलंय का, किती वाजल्यापासून असा पडलाय, सीटीला न्यायचं तर नेताना श्वास गेला तर काय. डॉक्टर मला विचारतायत, मी रिक्षावाल्याला विचारतेय, आणि त्या गरीबाला पोराचं नावसुद्धा माहीत नाही. अंबू बॅग, म्हणजे श्वास द्यायचा फुगा, हातानं दाबत आम्ही उभे. ड्युटीवरचा कॉन्स्टेबल आपलं रजिस्टर घेऊन आला, नाव काय लिहू म्हणाला, आम्ही सांगितलं अनोळखी लिहा.

अशी चाळीसएक मिनिटं गेली. मग आमच्या मावशी हळूच येऊन म्हणाल्या, सिस्टर, समोरच्या चहाच्या टपरीमागं एक पोरगं कधीपासून उभं आहे, आपल्या दाराकडंच बघतंय. मी तशीच ग्लोव्हज काढत रस्ता ओलांडला. मला बघून तो पळायच्याच बेतात होता. म्हटलं, मी पोलीस नाही रे बाळा, सिस्टर आहे, तो मरायला टेकलाय, काय घेतलंय तेवढं सांग, तुझं नावसुद्धा विचारत नाही. तेव्हा कुठं तोंड उघडलं. आधी दारू, मग नायट्राच्या म्हणजे झोपेच्या गोळ्या, एक पत्ता दोघांत, आणि वरून पन्नीवर पावडर. किती वाजता? तर साडेअकराला. तेव्हापासून दोन तास काय केलंत रे? मोरीत नेऊन पाणी मारलं, लिंबू पिळलं तोंडात, थोबाडीत मारल्या, तळपाय चोळले. १०८ ला फोन का नाही केला?

"पोलीस येतात ना सिस्टर."

एवढंच बोलला आणि रडायला लागला.

मी आत येऊन सांगितलं आणि डॉक्टरांनी लगेच पुढचं ठरवलं, कारण नायट्राच्या गोळ्यांवर आणि दारूवर नॅलॉक्सोन चालत नाही, ते सगळं एकत्र पोटात गेलं की श्वास दोन्ही बाजूंनी दाबला जातो. ट्यूब टाकली, व्हेंटिलेटरवर घेतलं. पोरगा वाचला. पण मेंदूला जेवढा वेळ ऑक्सिजन मिळाला नव्हता तो वेळ काही परत आणता येत नाही. चार-सहा मिनिटं ऑक्सिजन पूर्ण बंद झाला तरी मेंदू मरायला लागतो, ह्याचा तर दोन तास कमी-कमी होत गेलेला. आज तो घरी आहे. आई त्याला वरणभात कुस्करून भरवते, भरवताना एका हातानं हनुवटी धरते कारण घास बाहेर येतो. आईला ओळखतो असं ती म्हणते.

साडेअकराला फोन गेला असता तर बाराच्या आत तो आमच्या दारात असता.

नंतर त्या टपरीमागच्या पोराशी मी बरंच बोलले, त्याच्या वस्तीतही जाऊन आले, तेव्हा कळलं की ही भीती हवेतून आलेली नाही. त्याच्याच गल्लीत आदल्या वर्षी असंच झालं होतं. एक पोरगा बेशुद्ध पडला आणि त्याच्या मित्रानं, जो फूड डिलिव्हरीचं काम करायचा, पळ काढला नाही. बाईकवर मधे बसवून, मागून आणखी एकाला धरायला बसवून, दुसऱ्या एका हॉस्पिटलात घेऊन गेला, कॉन्स्टेबलनं विचारलं तसं स्वतःचं खरं नाव, खरा पत्ता, खरा नंबर दिला, काय घेतलं तेही सांगितलं. त्याच्यामुळं मित्र वाचला, पाचव्या दिवशी चालत घरी आला. आणि ज्यानं वाचवलं त्याला तिसऱ्या दिवशी चौकीवर बोलावणं. तूही घेतली होतीस का, हो म्हणाला. सेवनाची केस लागली. त्याची आई मला कागद दाखवत होती, प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर नीट घडी करून ठेवलेले, एकेका तारखेला पेनानं खूण केलेली. पोळ्या लाटायची कामं करते ती चार घरांत, प्रत्येक तारखेला एक खाडा. पोराचं काम गेलं. मी त्या पोलिसांना नावं ठेवत नाही, कायद्यात लिहिलंय तेच त्यांनी केलं. पण त्या गल्लीतल्या प्रत्येक पोरानं त्यातून एकच गोष्ट शिकली, की पाणी मारायचं, लिंबू पिळायचं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर रिक्षात टाकून पळायचं.

साहेब, माझं सांगणं फार मोठं नाही. नशा करून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या शेजारी त्या वेळी जो असतो त्यानंही बहुतेक वेळा तीच नशा केलेली असते. त्याच्याशिवाय फोन करणारं तिथं दुसरं कोणी नसतं. आणि आपला कायदा नेमका त्यालाच पळायला लावतो.

कायदा म्हणजे एनडीपीएस, अमली पदार्थांविरुद्धचा, १९८५ चा. तेव्हा गर्दानं मुंबईत थैमान घातलं होतं, आमच्या रिटायर झालेल्या सिस्टर त्या काळातल्या गोष्टी सांगायच्या, कडक कायदा हवा होता हे मला मान्य आहे. त्याचं कलम २७ म्हणतं की गर्द, कोकेन, मॉर्फिन असलं काही सेवन केलं तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बाकीच्या पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे नुसतं घेतल्याचं. खिशात पुडी सापडली तर ते कलम वेगळं. ज्याच्या खोलीत बसले त्याला कलम २५, म्हणजे जाणूनबुजून जागा वापरू दिल्याचं. वर्गणी काढून एकानं आणली असेल तर त्याला वाटतं मला विकणाराच ठरवतील. कलम २९ मदत केल्याचं आणि कट केल्याचं. आणि समोरचा मेलाच तर खून लागेल, असं तर ह्या पोरांना पक्कं वाटत असतं. रात्री बारा वाजता, स्वतः अर्धवट नशेत असलेला वीस वर्षांचा पोरगा ह्या सगळ्याचा हिशोब करत बसतो आणि तेवढ्यात शेजारच्याचा श्वास कमी होत जातो. रूममेटचं पण तसंच, जो बिचारा काहीच घेत नाही पण भाड्याची खोली त्याच्या नावावर आहे. घरमालक काढेल, कॉलेज काढेल, गावी कळेल, ह्या भीती वेगळ्याच, त्या काही कायद्यानं जाणार नाहीत. पण पोलिसांची जाऊ शकते.

माझी मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कायद्याचं हे सगळं तिनंच मला वाचून दाखवलं. ती म्हणाली आई, कलम ६४-अ आहे ना. मी खूश झाले, वाटलं आहे म्हणजे सोय. मग तिनं पूर्ण समजावलं. ६४-अ म्हणतं की व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या केसमध्ये असेल आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, पण उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढून घेता येते. चांगलं कलम आहे, जास्त वापरलं गेलं पाहिजे. पण ते उपचार घेणाऱ्यासाठी आहे, फोन करणाऱ्यासाठी नाही. ज्यानं पहिल्यांदाच घेतली, ज्याला व्यसन लागलेलंच नाही, तो त्यात बसत नाही. आणि मुख्य म्हणजे ते केस लागल्यानंतर उपयोगी पडतं, पोराला तर केस लागणार नाही हे फोन लावायच्या आधी माहीत असायला हवं.

आपल्या देशाला हे जमत नाही असंही नाही, मी स्वतः दोनदा जमलेलं बघितलंय.

एक म्हणजे अपघात. मी कॅज्युअल्टीत लागले तेव्हा अपघाताचा पेशंट आणणारा माणूस गेटवर सोडून पळायचा, अगदी ह्या पोरांसारखा. रक्तानं भरलेला शर्ट घातलेला माणूस मला म्हणाला होता, ताई, मी फक्त उचलून आणलंय, मला जाऊ द्या. मग २०१६ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं सेव्हलाइफ फाउंडेशनच्या केसमध्ये, मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्रानं काढलेल्या गाइडलाइन्स सगळीकडे बंधनकारक केल्या, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं, २०२० ला नियम आले. आता मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची जबरदस्ती करता येत नाही, आणि हे सगळं हॉस्पिटलच्या दारात बोर्डावर मराठीत लिहून लावायचं असतं. २०२१ मध्ये तर गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला बक्षीस सुरू झालं, तेव्हा ते ५ हजारांचं होतं. फरक लगेच नाही पडला, दोन-तीन वर्षं गेली, पण पडला. आता माणसं थांबतात. नातेवाईक येईपर्यंत बाकड्यावर बसून राहतात, कोणी चहा घेऊन येतं. पेशंटचा मोबाईल, पाकीट माझ्या हातात देऊन सही करून जातात.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे. विष घेतलेले, जाळून घेतलेले पेशंट यायचे तेव्हा घरचे हमखास खोटं सांगायचे. चुकून फिनेल प्यायली, स्टोव्ह भडकला. कारण आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, आयपीसी ३०९. खोट्यामुळं आम्ही चुकीच्या दिशेला जायचो, किती घेतलं, कुठलं औषध होतं, बाटली कुठं आहे, कोणी सांगायचं नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्यानं सांगितलं की असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली तिच्यात तर ते जुनं कलमच ठेवलेलं नाही. तेव्हाही लोक म्हणत होते की भीती गेली तर आत्महत्या वाढतील. पण आमच्या दारात काय झालं ते मी सांगते, नातेवाईक बाटली सोबत घेऊन यायला लागले. सगळे नाही, पण यायला लागले.

त्याच २०१७ च्या कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापरातून होणारी मानसिक अवस्था हीसुद्धा आजारातच धरलेली आहे. म्हणजे एक कायदा त्याला पेशंट म्हणतो आणि दुसरा आरोपी, आणि आमच्या कॅज्युअल्टीत ते दोन्ही कायदे एकाच स्ट्रेचरवर येऊन पडतात.

आणखी एक. २०२४ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं १९३३ ही मानस हेल्पलाइन सुरू केली. कोणी ड्रग्ज विकत असेल तर तिथं नाव न सांगता कळवता येतं. खूप चांगलं केलं. एनडीपीएसमध्ये कलम ६८ पण आहे, माहिती कुठून मिळाली हे अधिकाऱ्याला सांगायला भाग पाडता येत नाही. कलम ६४ मध्ये तर सरकार पुरावा मिळवण्यासाठी एखाद्याला खटल्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे विकणाऱ्याची खबर देणाऱ्याला आपण सांभाळतो, साक्ष देणाऱ्याला सांभाळतो. मग मरणाऱ्याची खबर देणाऱ्यालाही सांभाळा ना साहेब, त्याची खबर काय कमी महत्त्वाची आहे?

बाहेरच्या देशांत हे झालंय. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यानं २००७ मध्ये पहिल्यांदा असा कायदा केला, आता तिकडच्या बहुतेक सगळ्या राज्यांत आहे. कॅनडानं ४ मे २०१७ ला अख्ख्या देशासाठी केला. त्यात फोन करणारा, पेशंट आणि तिथं हजर असलेले बाकीचे, ह्या सगळ्यांना स्वतःपुरता माल जवळ असल्याच्या केसमधून संरक्षण आहे, विकणाऱ्याला नाही. अमेरिकेच्या संसदेचं जे ऑडिट ऑफिस आहे त्यानं २०२१ मध्ये ह्या कायद्यांवरचे १७ अभ्यास तपासले आणि एकंदर कल असा दिसला की जिथं हे कायदे आहेत तिथं ओव्हरडोसनं होणारे मृत्यू कमी आहेत. पण त्यांनी हेही सांगितलं की कायदा आहे हे लोकांना आणि पोलिसांना सगळीकडे सारखं माहीत नसतं. मला तेच महत्त्वाचं वाटतं. कायदा पुस्तकात आला आणि टपरीमागच्या पोराला कळलाच नाही तर त्याचा काय उपयोग.

आपल्याकडचा आकार किती तेही बघा. सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेला सर्व्हे २०१९ ला आला. अफूपासून बनणारे पदार्थ, म्हणजे अफू, गर्द, औषधी गोळ्या, घेणारे देशात २ कोटी २६ लाख. त्यातले ७७ लाख अशा पातळीला की त्यांना मदतीची गरज आहे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त ज्या आठ राज्यांत आहेत त्यात महाराष्ट्र आहे. एमडी (मेफेड्रोन) ह्यात धरलेलं नाही, एमडीचं गणितच वेगळं. त्यात श्वास बंद पडत नाही, अंग तापतं, छाती धडधडते, झटके येतात, आणि नॅलॉक्सोनचा काही उपयोग नाही. म्हणून तर सांगणारा माणूस पाहिजे. काय घेतलं हे कळल्याशिवाय आम्ही काय द्यायचं?

२०२१ मध्ये त्याच मंत्रालयानं सुचवलं होतं की स्वतःपुरता थोडा माल बाळगणाऱ्याला गुन्हेगार धरू नका, उपचाराला पाठवा. त्या डिसेंबरला एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झालीसुद्धा, पण ती दुसऱ्याच एका कलमातली चूक सुधारण्यापुरती. सेवनाबद्दलचा मोठा वाद होईल तेव्हा होईल. मी त्याची वाट बघायला सांगत नाही. माझी मागणी त्याच्याहून खूप लहान आहे, ज्यांना कायदा कडकच हवा त्यांनाही ती पटायला हरकत नसावी.

मला माहीत आहे तुम्ही म्हणाल की मग उद्या विकणारेच फोन करतील आणि सुटतील. नाही, विकणाऱ्याला सूट नकोच, मोठा माल सापडला तर तेही ह्यात नको, लहान मुलांना नशेला लावणारे तर अजिबातच नको. फक्त सेवन, स्वतःपुरता माल आणि जागा, तेही त्याच फोनमुळं उघड झालेलं असेल तरच. दुसरं म्हणाल की पोरं निर्धास्त होतील, फोन केला की झालं. साहेब, मी १५ वर्षांत असा एकही पेशंट बघितला नाही जो १०८ च्या भरवशावर नशा करतो. जो वाचतो त्याला निदान दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटवर बसवून दोन शब्द सांगता येतात. पहिला प्रश्न ते आईला कळलं का असाच विचारतात, आणि तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत असतात. व्यसनमुक्तीच्या ओपीडीला मी जितकी पोरं पाठवली त्यातली बरीचशी ह्याच सकाळी पाठवलेली आहेत. आणि पोलिसांच्या बाजूनं सांगायचं तर जो घाबरलेला नाही तोच पुडी कुठून आणली ते सांगतो. पळालेला काय सांगणार.

आता काय करा ते सांगते. कायदा केंद्राचा आहे, राज्य तो आपल्या मनानं बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण गृहखातं एक परिपत्रक काढू शकतं ना. १०८ वर बेशुद्ध पडल्याचा फोन आला तर मारामारी किंवा घातपाताचा संशय नसेल तोवर ॲम्ब्युलन्सच्या मागं पोलीस पाठवू नका. हॉस्पिटलातल्या कॉन्स्टेबलनं पेशंटची एमएलसी, म्हणजे पोलीस केसची, नोंद जरूर करावी, पण आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करू नये, आणि तू घेतलीस का हा प्रश्न तर त्या दारात विचारूच नये. पेशंट शुद्धीवर आला तर चौकीच्या आधी त्याला ६४-अ समजावून सांगणारा कोणीतरी भेटावा, आमच्याच सोशल वर्करला ते काम द्या, आनंदानं करतील. आणि खासदारांनो, तुम्ही मोटार वाहन कायद्यातल्या १३४-अ सारखं एक कलम एनडीपीएसमध्ये घालायची मागणी करा. संसदेत प्रश्न विचारा, खासगी विधेयक आणा, कोणत्याही पक्षाचे असा, मला फरक पडत नाही. शेवटी त्याचा बोर्ड करा. अपघाताच्या बोर्डाशेजारी आमच्या भिंतीवर जागा आहे, मी मोजून बघितलीय.

नॅलॉक्सोनबद्दल पण बोलायचं आहे, विषय थोडा वेगळा आहे पण सोडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की ओव्हरडोस बघायची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते अशा लोकांच्या हातात हे औषध द्या आणि वापरायला शिकवा. अमेरिकेत २०२३ पासून नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. आपल्याकडं ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं इंजेक्शन, आमच्या ट्रॉलीत असतं, वस्तीत नसतं. निदान सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये ज्या संस्था काम करतात त्यांच्या पोरांकडं आणि १०८ च्या प्रत्येक गाडीत ते असलंच पाहिजे आणि वापरता आलं पाहिजे. पण त्यानं फोनची गरज संपत नाही. त्याचा असर अर्धा ते दीड तास टिकतो, मग गर्द परत डोकं वर काढतं, म्हणून माणूस उठून बसला तरी हॉस्पिटलात आणावाच लागतो. आणि व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा जेलमधून नुकत्याच सुटलेल्या माणसाचं फार जपा, अंगाची सवय मोडलेली असते आणि तो जुन्या मापानं घेतो. ते पहिले दोन आठवडे सगळ्यात वाईट. कोणाच्या घरी असं कोणी आलेलं असेल आणि हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा, श्वास मंद झाला तर पाणी, लिंबू, मारणं काही करू नका, १०८ लावा, उलटी घशात अडकू नये म्हणून कुशीवर वळवा आणि शेजारून हलू नका. श्वास थांबलाच तर तोंडानं श्वास द्या.

१९८९ ला परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आधी जीव वाचवा, कायद्याचे सोपस्कार मागाहून. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे शिकवलं होतं आणि आम्ही ते पाळतो, पेशंट कोण, पैसे आहेत का, केस कसली, काही न बघता आधी हात लावतो. पण पेशंट आमच्या दारापर्यंत आला तर.

ते टपरीमागचं पोरगं आता मला भेटत असतं. त्यानं नशा सोडली असं मी सांगणार नाही, दोनदा ओपीडीत आला, मधे थांबला, आता परत येतोय. मित्राच्या घरी रविवारी जातो, आई स्वयंपाक करते तेवढा वेळ त्याच्याजवळ बसतो. गेल्या महिन्यात मला विचारलं, सिस्टर, परत कोणाला असं झालं आणि मी फोन केला तर मला धरतील का? मी म्हटलं, तू फोन कर, बाकीचं नंतर बघू. तर म्हणाला, करीन हो, पण धरतील का ते सांगा ना. मला खोटं बोलवेना. म्हटलं, धरू शकतात.

पुढच्या मंगळवारी तो ओपीडीला येणार आहे. त्याच्या आधी तुमच्याकडून काही कळलं तर मला त्याला सांगता येईल.

आपली नम्र,
कॅज्युअल्टीतली एक सिस्टर
भांडुप, मुंबई